बुरुजाची वाट, चौदा किलोमीटर

३ मार्च, सोमवार

धाकटीला! माझ्या वाटा मोजायला धाकटीला सांगितलं!

संध्याकाळी क्लबात मीटिंग. पळणाऱ्यांचा क्लब म्हणजे शिंप्याच्या दुकानामागची खोली — एक टेबल, सात खुर्च्या, त्यातली एक लंगडी, आणि ती नेमकी माझ्या वाट्याला. शिंपी आमचा सेक्रेटरी. गळ्यातली टेप न काढताच बोलतो. म्हणाला, आपल्या टेकड्यांवर धावायच्या पाच वाटा आहेत, त्यांची पुस्तिका काढू. कुठे वळायचं, चढ किती, वाटेत बघण्यासारखं काय, अंतर किती. बाहेरगावचे पळणारे येतील. "लिहायचं ताईंनी. बावीस वर्षं पळतायत, दगड न् दगड ओळखीचा." इथवर ठीक. पुढे म्हणतो, "आणि मोजायचं त्यांच्या जाऊबाईंनी. त्यांच्याकडे ते घड्याळ आहे ना!"

माझी धाकटी जाऊ! तीन वर्षांपूर्वी जिना चढताना मध्येच कठडा धरून उभी राहायची. डॉक्टरांनी सांगितलं म्हणून पळायला लागली आणि आता मनगटावर बशीएवढं घड्याळ बांधून फिरते. आयत्या बिळावर नागोबा.

मी म्हटलं, वाटा मोजलेल्या आहेत. वीस वर्षांपूर्वी मी स्वतः मोजल्यात. भिंतीवर फळा आहे, वाचता येत असेल तर वाचा. फळ्यावर लिहिलंय — बुरुजाची वाट, १४ कि.मी., महिला, १ तास १२ मिनिटं. खाली माझं नाव. एकोणीस वर्षांत कुणाची माय ते पुसायला पुढे आली नाही.

शिंपी म्हणाला, "असू दे ना ताई. कापडसुद्धा कापायच्या आधी दोनदा मोजतात."

धाकटी हसली. "वहिनी, मजा येईल!"

४ मार्च

जिन्यात भेटली. "शनिवारी सहाला निघायचं?" मी नुसती मान हलवली. तेवढीच तिची लायकी.

६ मार्च, गुरुवार

लॉन्ड्रीवाल्याला आज पकडला. डिसेंबरपर्यंत पाण्याचं रीडिंग कसं भरघोस, आणि दोन महिन्यांपासून एकदम उतरलं. दोन्ही महिने सारखंच उतरलं. मी चौकशीची नोटीस हातात ठेवली. माणूस इस्त्री आपटून ओरडला, "ताई, पाणी चोरून मी करू काय? कपडे तर तेवढेच येतायत!" वाफेनं लाल झालेलं तोंड, आणि वर आवाज. चोराच्या उलट्या बोंबा.

पाणीखात्यात पंचवीस वर्षं मीटर वाचतेय. लोखंडी झाकण उचलायचं, कोळी झटकायचा, गुडघ्यावर बसायचं, आकडा वाचायचा, वहीत लिहायचा. माणसं रडतात, शपथा घेतात, कुत्रं सोडतात. आकडा काही करत नाही. म्हणून मला आकड्यांची संगत आवडते.

८ मार्च, शनिवार

पहिली वाट, कालव्याकाठची. सपाट. माझा आकडा पाच किलोमीटर. धाकटी सारखी मनगट बघत पळते, पायाखाली बघत नाही, दोनदा ठेचकाळली. तिसऱ्यांदा पडेल म्हणून मी वाट पाहिली, पण पडली नाही. बंधाऱ्यापाशी थांबली. त्याच्या दगडावर कोरलेले मासे आहेत, पाणी कमी झालं की दिसतात. "अय्या वहिनी, मासे! मला कधी दिसलेच नव्हते!" मनगटात डोळे असतील तर कसे दिसणार?

शेवटी घड्याळ बघून म्हणाली, "पाच पूर्णांक शून्य एक!"

पाच म्हणजे पाच! सायकलच्या चाकानं मोजलेले आहेत, वीस वर्षांपूर्वी. घरी येईपर्यंत माझी पावलं हलकी पडत होती.

९ मार्च

तिनं स्वतःहून कालव्याचं वर्णन लिहून आणलं. "निसर्गाच्या कुशीत विसावलेली ही रम्य वाट मनाला भुरळ घालते." मी फाडलं नाही, फक्त मागची बाजू कोरी होती ती वाणसामानाच्या यादीला घेतली. माझं असं — "कालव्याच्या दुसऱ्या दरवाज्यानंतर डावीकडे वळा. फळी कुजली आहे, उडी मारा. मासे बघायचे तर उन्हाळ्यात या."

१५ मार्च, शनिवार

दुसरी वाट. जुन्या जलसेतूखालून जाते — अकरा दगडी कमानी, वर कधीकाळी पाणी वाहायचं, आता झुडपं. चौथ्या कमानीचे दगड सुटलेत, तिच्याखालून पळू नये. हे मी लिहिणार. मग ओढा, मग जांभ्या मातीचा चढ. माझा आकडा सात.

घड्याळ म्हणे सहा!

मी म्हटलं, तुझं घड्याळ बंद पडलं असेल मध्ये. "नाही हो वहिनी, ते वर आकाशातून बघत असतं." म्हटलं, आकाशातून बघतं त्याला कमानीखालचं काय दिसणार? त्यावर ती हसली. गप्प बसते आणि हसते, हीच तिची खोड. भांडायला माणूस तरी सरळ हवं.

१६ मार्च, रविवार

चुन्याच्या भट्टीची वाट. छोटी. भट्टीचं तोंड अजून काळं आहे आणि आत वटवाघळं. माझा आकडा साडेतीन. घड्याळाचा तीन.

नाचता येईना, अंगण वाकडं.

नवऱ्याला सांगितलं. तो रेडिओ उघडून बसला होता, तोंडात स्क्रू. "मग असेल तीन," म्हणाला. असेल तीन! माझी मांडी, माझी पिंढरी, माझी पहाट — आणि याचं "असेल तीन".

१७ मार्च

आज लिहूनच टाकते. वहीला तरी कळू दे, मी तिला पाण्यात का पाहते. (खातंही पाण्याचंच, तेव्हा सवय आहे.)

एकोणीस वर्षांपूर्वी एप्रिलमध्ये विभागाची शर्यत होती. पंधरा किलोमीटर, डोंगराळ रस्ता, अगदी आमच्यासारखाच. पहिल्या तिघी देशाच्या शर्यतीला जाणार होत्या. मी मार्चमध्येच बुरुजाच्या वाटेवर चौदा किलोमीटर एक तास बारा मिनिटांत मारले होते. हिशोब सोपा होता. पंधराला एक तास सतरा. मी रात्रंदिवस तोच आकडा चघळत होते.

आणि शर्यतीच्या चार दिवस आधी हिचं लग्न! माझ्या धाकट्या दिराशी. तारीख हिच्या घरच्यांनी ठरवली. मी म्हटलं, आठवडाभर पुढे ढकला. "हिच्या मामांना सुट्टी नाही." मामांना! मी मोठी सून. तीन दिवस स्वयंपाकघरात उभी. ऐंशी माणसांचे बटाटे मी सोललेत, भांडी मी घासलीत, गाद्या मी वर चढवल्यात. ही नवरी, खुर्चीवर बसून हसत होती. तेव्हाही हसतच होती.

शर्यतीत मला दीड तास लागला. एक तास तीस मिनिटं! एकेचाळिसावी आले. तिसरी आली तिला एक तास अठरा लागले होते. म्हणजे नेहमीसारखी पळाले असते तर ती जागा माझी होती. सगळे म्हणाले, घाबरली असेल. मी घाबरले नव्हते. माझे पाय हिच्या लग्नात संपले होते.

त्यानंतर मी शर्यतीला उतरले नाही. आणि हिला सोडलं नाही. एकोणीस वर्षांत तिच्या मजल्यावर घोटभर पाणी प्यायले नाही. तिनं केलेलं काही खाली आलं की मी सासूबाईंपुढे सरकवते. तिच्या पोटातलं बाळ गेलं तेव्हा ती आठ दिवस हॉस्पिटलात होती. मी एकदा गेले, तेही उभ्या उभ्या, घड्याळ बघत. तिला कळायला हवं होतं. कळलंच असणार. दगडालासुद्धा कळलं असतं.

२२ मार्च, शनिवार

तळं आणि जुना पूल. पूल इतका अरुंद की एका वेळी एकच माणूस. मी आधी गेले. पुलाच्या मधल्या दगडावर बांधणाऱ्यानं स्वतःचा पंजा कोरलाय, सहा बोटांचा — सहावं बोट खरं की छिन्नी घसरली, कुणाला माहीत नाही. धाकटीनं त्यावर हात ठेवून बघितला. तळ्याला वळसा, परत.

माझा साडेदहा. घड्याळाचा नऊ.

आता मात्र मी तिला सरळ ऐकवलं. म्हटलं, हे बघ, मी मीटरवाली बाई आहे. चोरी असली की आकडा कधी थोडा उतरतो, कधी खूप. फरक सगळीकडे सारखाच असेल तर तो मीटरच बिघडलेला. सातचे सहा, साडेतीनचे तीन, साडेदहाचे नऊ. दर सातात एक खातंय तुझं घड्याळ! दुरुस्तीला दे.

तिनं बोटांवर हिशोब केला. "हो की! बरोबर सातात एक!" इतकी खूश झाली, जसं काही मी तिला बक्षीस दिलं. मग म्हणाली, "पण मग वहिनी, कालव्यावर कसं बरोबर आलं?"

लहान तोंडी मोठा घास. मी पळायला लागले.

२४ मार्च

कालव्यावर कसं बरोबर आलं? सपाट होतं म्हणून. चढावर घड्याळ फसतं. तेच असणार.

२५ मार्च

तळ्याची वाटही जवळजवळ सपाटच आहे. जळलं मेलं ते घड्याळ.

२९ मार्च, शनिवार

बुरुजाची वाट. माझी वाट.

पहाटे धुकं. जकातीच्या पडक्या चौकीपासून सुरुवात, मग बैलगाड्यांच्या चाकांनी दगडात पडलेल्या चाकोऱ्या, मग झाडी. दोन गुहा — एकीत कुणी साधू राहायचा म्हणतात, त्यानं झोपायला दगडात खोबण केलीय, माझ्या मापाची आहे, मी झोपून बघितलंय. मग दोनशे बारा पायऱ्या. मग कडा, उजवीकडे काही नाही, खाली नदी. मग बुरूज. छप्पर कधीच पडलं, पण टेहळणीची खिडकी शाबूत आहे, तिच्यातून आमचं गाव वाटीत ठेवल्यासारखं दिसतं. परत येताना मागच्या उतारावरून. एवढं सगळं मी बावीस वर्षं एकटीनं पाहिलं. आज शेजारी ती. पायऱ्यांवर मला मागे टाकलं तिनं! पुढे जाऊन वर थांबली. "या सावकाश." सावकाश! मी बोलले ते इथे लिहीत नाही.

चौकीपाशी परत आलो. तिनं घड्याळ बघितलं आणि पदरानं झाकावं तसं बाहीखाली झाकलं.

"किती?"

"राहू दे वहिनी."

"किती?"

"बारा."

मग हलक्या आवाजात, जवळ येऊन — "मी कुणाला सांगणार नाही. पुस्तिकेत चौदाच छापू. फळ्यावरचं तसंच राहू दे. काय फरक पडतो?"

माझ्या अंगाची लाही लाही झाली. दया! हिनं माझ्यावर दया करायची! मी म्हटलं, तुझी भीक नको. मी तीच सायकल काढते आणि पुन्हा मोजते, सगळ्यांसमोर. मग बघू कोण कुणाला सांगत नाही ते.

१ एप्रिल, मंगळवार

आजचा दिवस माझाच पोपट करायला उगवला होता.

साहेबांनी बोलावलं. लॉन्ड्रीवाल्यानं तक्रार केलीय. गोदामाचं रजिस्टर काढलं तर काय — जानेवारीत खात्यानंच त्याचा मीटर बदललाय! जुना काढून वेगळ्या मापाचा बसवला, त्याच्या एका आकड्यात जुन्यापेक्षा जास्त पाणी. बसवणाऱ्यानं माझ्या वहीत नोंद केली नाही. मी जुन्याच मापानं गुणत बसले. पाणी तेवढंच, कपडे तेवढेच, माझा गुणाकार चुकीचा. साहेब म्हणाले, "पंचवीस वर्षं झाली तुम्हाला. आकडा एकदम उतरला आणि मग सारखाच उतरत राहिला, तर आधी काय विचारायचं?"

मीटर मध्येच बदललाय का, हे विचारायचं. नव्या पोरांना मीच शिकवते हे.

लॉन्ड्रीत जाऊन नोटीस परत घेतली. माफी मागितली नाही, पण पाणी दिलं ते प्यायले. त्यानं इस्त्री आपटली नाही. त्याचंच जास्त लागलं.

परत येताना बसमध्ये एकच डोक्यात. आधी बरोबर. मग एकदम सातात एक कमी. आणि मग सारखंच कमी.

२ एप्रिल, बुधवार

सायकल काढली.

वीस वर्षांपूर्वीची माझी पद्धत अशी होती. चाकाच्या एका आरीला खात्यातली सीलची तार गुंडाळायची, तिचं टोक बाहेर ठेवायचं. चाक धरणाऱ्या चिमट्याला पुठ्ठा बांधायचा. एक फेरी झाली की तार पुठ्ठ्याला लागते — टक. शंभर टक झाले की एक खडा उजव्या खिशातून डाव्यात. सासऱ्यांची काळी सायकल, अठ्ठावीस इंची. तिच्या चाकाचा घेर मी दोऱ्यानं मोजला होता, एका कार्डावर लिहिला होता. कार्ड अजून माझ्या कपाटात आहे. बुरुजाच्या वाटेला त्रेसष्ट खडे आणि वर थोडे टक. गुणाकार केला, चौदा. आज पुन्हा केला. चौदाच.

मागच्या शेडमध्ये काळी सायकल भिंतीला टेकून होती. कोळिष्टकं झटकली. पुढचं चाक फिरवलं, तार नाही. मागचं फिरवलं, तार नाही. म्हटलं, गळून पडली असेल.

मग तिच्या मागे सासूबाईंची दिसली. लहान, बिनदांडीची, घंटी तुटलेली. पुढच्या चाकाला तार होती. हिरवी पडली होती, पण माझीच गाठ.

टायरवर बोट फिरवलं. चोवीस.

मी तिथेच डब्यावर बसले. सासूबाई दारात काठी टेकून उभ्या. त्यांना कमी ऐकू येतं, त्यामुळे मोठ्यानं बोलतात. सगळ्या आळीला ऐकू गेलं असेल. "माझी सायकल कशाला काढलीस? तेव्हाही अशीच रोज घेऊन जायचीस आणि चिखलानं माखून आणायचीस!"

मी म्हटलं, "आई, मी काळी न्यायचे ना?"

"काळी एकच दिवस नेलीस. कालव्यावर. मग म्हणालीस, ही पायऱ्यांवर खांद्याला पेलणार नाही, तुमची हलकी आहे. विसरलीस?"

विसरले. सायकल बदलली आणि कार्ड बदललं नाही. मीटर बदलला, नोंद नाही.

चोवीस आणि अठ्ठावीस. सहा आणि सात.

३ एप्रिल

बारा किलोमीटर, बहात्तर मिनिटं. किलोमीटरला सहा मिनिटं.

पंधरा किलोमीटर, नव्वद मिनिटं. किलोमीटरला सहा मिनिटं.

सेकंदाचासुद्धा फरक नाही.

४ एप्रिल

म्हणजे त्या दिवशी मी अगदी नेहमीसारखीच पळाले होते. बटाट्यांनी काही केलं नाही. गाद्यांनी नाही. मामांच्या सुट्टीनंसुद्धा नाही. पाय थकलेले नव्हते. होते तेवढेच होते. लग्न पुढे ढकललं असतं तरी मी एकेचाळिसावीच आले असते. फार तर चाळिसावी.

आज पळायला गेले नाही. बावीस वर्षांत पहिल्यांदा ताप नसताना.

५ एप्रिल, शनिवार

दिवसभर एकच विचार. कुणाला माहितेय? सासूबाईंना सायकल आठवते, पण इंच त्यांना कळत नाहीत. तार कापून टाकली की झालं. धाकटी तर स्वतःहूनच म्हणतेय, चौदा छापू. शिंपी माझा शब्द खाली पडू देत नाही. पुस्तिका माझ्या हातानं लिहिलेली. चौदा लिहायला काय लागतं? एक आणि चार.

पक्कड घेऊन शेडपर्यंत गेले. कोणाचा राग येत होता तेच कळेना. सायकलचा आला. वीस वर्षं भिंतीला टेकून गप्प उभी, तिला एकदा पडता आलं नाही माझ्या अंगावर? मग धाकटीचा आला, सवयीनं. आला आणि त्याला बसायला जागाच सापडेना. फार विचित्र वाटलं. पायरी आहे समजून पाय टाकावा आणि सपाट जमीन लागावी, तसं.

तार कापली नाही. गाव इतकी वर्षं मला मीटरवाली म्हणतं, आणि मीच सील तोडू?

पण तिच्याकडे जाणारही नाही. का जाऊ? बटाटे मीच सोलले होते, ते तरी खरंच आहे ना?

७ एप्रिल, सोमवार

क्लबात गेले. शिंपी एकटाच होता, कुणाच्या तरी कोटाची बाही उसवत होता. मी लंगड्या खुर्चीवर चढले आणि फळ्यावरचे चौदा पुसले. ओल्या फडक्यानं जाईना, एकोणीस वर्षांचा रंग, मग ब्लेडनं खरवडला. बारा लिहिले. आकडा वाकडा आला.

शिंपी खाली आ वासून उभा. मी सगळं सांगितलं. चाक, कार्ड, तार. तो म्हणाला, "ताई, अहो वेळ तर तीच आहे ना? वाट तीच. रेकॉर्ड कुठे जातोय?" त्याला वाटलं मी फळ्यासाठी रडतेय.

मग बाही उसवता उसवता म्हणाला, "माझ्या वडिलांची कापड कापायची टेप अर्ध्या इंचानं आखूड होती. सगळ्या गावाचे कोट दंडात घट्ट. लोक म्हणायचे, आपण जाड झालो." मला हसू आलं नाही. त्याच्या वडिलांनी कोट शिवले, लोकांनी घातले, कुणाचं काय बिघडलं?

पुस्तिकेचे आकडे दुरुस्त करून दिले. पाच, सहा, तीन, नऊ, बारा.

८ एप्रिल

हॉस्पिटलातले ते आठ दिवस डोक्यातून जात नाहीत. मी उभी होते, ती पडल्या पडल्या म्हणाली होती, "बसा ना वहिनी." मी म्हटलं होतं, "बस चुकेल." बस दर दहा मिनिटांनी होती.

हे कुठल्या आकड्यानं भागायचं?

९ एप्रिल

आज दोनदा जिना चढले आणि मधल्या वळणावरून खाली आले. दुसऱ्यांदा नवऱ्यानं पाहिलं. "काय शोधतेयस?" म्हटलं, चप्पल. पायातच होती.

१० एप्रिल, गुरुवार

वर गेले. एकोणीस वर्षांनी. खुर्ची दिली त्यावर बसले, चहा दिला तो प्यायले, आणि सगळं एका दमात सांगून टाकलं — शर्यत, लग्न, चाक, आणि एकोणीस वर्षं मी तिच्याशी तशी का वागले ते. माफीसुद्धा मागितली. ती माझ्याकडे बघतच राहिली. चेष्टा नव्हती, खरोखर नवल वाटलं तिला. म्हणाली, "तुम्ही रागावला होतात होय? मला वाटायचं, तुमचा स्वभावच तसा आहे. म्हणून मी कधी मनाला लावूनच घेतलं नाही."